मांडवातली गुणगुण अशी थांबवा

बीड जिल्ह्यात हरिनाम सप्ताहाच्या मांडवात छोट्या मिक्सरचा आरसीए आउटपुट मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरच्या बॅलन्स्ड एक्सएलआर इनपुटला जोडायची वेळ अनेकदा येते. जोडणी चुकली की कीर्तनकारांच्या आवाजामागे ५० हर्ट्झची गुणगुण लागते.

• केबल : आत दोन तारा आणि वर जाळी असलेली शील्डेड घ्या.

• सोल्डरिंग : लाल तार आरसीएच्या मधल्या टोकाला आणि एक्सएलआरच्या पिन २ ला. काळी तार आरसीएच्या बाहेरच्या कड्याला आणि पिन ३ ला. जाळी त्याच कड्याला आणि पिन १ ला.

• कारण : बॅलन्स्ड इनपुट पिन २ आणि ३ मधला फरक तेवढा उचलतो. काळी तार मिक्सरचं ग्राउंड सोबत आणते, त्यामुळे दोन्ही यंत्रांच्या ग्राउंडमधली गुणगुण बरीचशी वजा होते. पिन ३ मोकळी सोडू नका.

• पातळी : घरगुती यंत्राचा सिग्नल सुमारे ०.३२ व्होल्ट, व्यावसायिक यंत्राचा १.२३ व्होल्ट, फरक जवळपास १२ डेसिबल. आवाज बारीक वाटला तर गेन वाढवा.

• तरीही गुणगुण राहिली तर ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा. थ्री-पिन प्लगचं अर्थिंग मात्र कधीही तोडू नका. माइक धरणाऱ्याच्या जिवाशी गाठ आहे.