गाडीच्या पोटाखालचा काळा थर

नवी गाडी बुक करताना विमा, सीट कव्हर, एक्स्टेंडेड वॉरंटी या यादीत एक ओळ हमखास असते: अंडरबॉडी कोटिंग. कोकणात राहता ना, मग करायलाच हवं, नाहीतर दोन पावसाळ्यांत पत्रा सडेल, असं विक्रेता बजावतो. घरातली जुनी माणसंही लगेच मान डोलावतात, कारण प्रीमियर पद्मिनीच्या फ्लोअरला पडलेल्या भोकांतून त्यांनी रस्ता पाहिलेला असतो.

पद्मिनीचा तो अनुभव आजच्या गाडीला जसाच्या तसा लावता येत नाही. हल्ली कारखान्यात अख्खी बॉडी प्रायमरच्या हौदात बुडवून विजेचा प्रवाह सोडतात. फवारा पोचणार नाही अशा सांदीकोपऱ्यांतही साधारण २० मायक्रॉनचा थर बसतो आणि मग तो भट्टीत पक्का होतो. जोडांवर सीलंट असतं, तळाला बऱ्याच ठिकाणी पीव्हीसीचा लेप असतो. अनेक मॉडेलांत काही पत्र्यांवर जस्ताचा मुलामा असतो. त्यावर ओरखडा उठला तरी आधी जस्त झिजतं, लोखंड नंतर. म्हणजे नवी गाडी खालून उघडी असते, हे गृहीतकच चुकीचं.

मग वरून आणखी एक जाड काळा थर मारला तर बिघडलं काय? बिघडतं ते इथेच. डांबर किंवा रबर मिसळलेलं स्वस्त कोटिंग काही वर्षांत कडक होतं, खडी लागून त्याला चिरा जातात. चिरेतून शिरलेलं पाणी लेप आणि पत्रा यांच्यामध्ये अडकून बसतं. वरून सगळं काळंभोर, आत पत्रा खाल्ला जातोय, आणि रॅम्पवर गाडी चढवूनही ते दिसत नाही. धूळ किंवा ओल असलेल्या पृष्ठभागावर घाईघाईने कोटिंग मारलं, तर चिरा पडायचीही वाट पाहावी लागत नाही. डिलिव्हरीचा मुहूर्त गाठायचा म्हणून हे असं होतं.

त्याहून मोठा गैरसमज असा की गंज खालून वर येतो. पत्र्याला भोक पाडणारा गंज बऱ्याचदा आतून बाहेर येतो. दाराच्या काचेच्या फटीतून पाणी दारात उतरतच असतं, म्हणून दारांच्या खालच्या कडेला निचऱ्याची भोकं ठेवलेली असतात. दारांखालच्या पोकळ पट्ट्यांनाही तशी भोकं असतात. पानं आणि चिखल साचून ती बुजली की आत डबकं तयार होतं. कोटिंग करणाऱ्या पोऱ्याने बेफिकिरीने तीच भोकं लेपून टाकली, तर गंज टाळायला दिलेल्या पैशांतूनच गंजाची सोय झाली.

पाऊस गाडी कुजवतो, हेही अर्धंच खरं. पावसाचं पाणी खाऱ्या हवेतून बॉनेट-टपावर बसलेलं मीठ धुऊन नेतं. पोटाखालचं मीठ मात्र तिथेच राहतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळू लागतं. रत्नागिरी-मालवणच्या हवेत ही पातळी पावसाळ्याबाहेरही वरचेवर गाठली जाते. म्हणजे रस्ता कोरडा असतानाही तळाच्या पत्र्यावर खाऱ्या पाण्याचा पातळ पापुद्रा असू शकतो. ओल्या गाडीवर कव्हर घालून ती बंद गॅरेजात लावणं त्यामुळे फार शहाणपणाचं नाही. वारा लागू द्यावा.

डिझेल किंवा जुनं इंजिन ऑइल फवारण्याचा सल्ला अजूनही ऐकू येतो. त्याने रबरी बुश आणि बूट फुगतात, धूळ चिकटते, आणि ठिबकणारं तेल मातीत जातं. आणि पावसाळी सकाळी ब्रेक डिस्कवर दिसणारा तांबूस थर पाहून घाबरू नये. डिस्क बिडाची असते, दोन-चार वेळा ब्रेक दाबले की तो थर निघून जातो. कोटिंगवाल्याला मात्र डिस्क, सायलेन्सर आणि सेन्सर सोडून काम करायला आठवणीने सांगावं.

पुण्या-नागपुरात राहणाऱ्याने हे पैसे वाचवावेत, असं माझं मत. किनाऱ्यालगत राहत असाल, तर काळ्या लेपापेक्षा पोकळ पट्ट्यांत आत फवारायचं मेणाचं किंवा लॅनोलिनचं कोटिंग बरं. ते मऊ राहतं, फटीत झिरपतं. ठरावीक काळाने पुन्हा मारावं लागतं, आणि त्यासाठी बॉडीला नवं भोक पाडणार असतील तर आधी वॉरंटीची पुस्तिका वाचावी.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे तळ धुणं, पण पाणी कोणतं हेही बघायला हवं. समुद्राजवळच्या कित्येक बोअरवेलींचं पाणी मचूळ असतं. त्याने धुणं म्हणजे मिठाचाच हात फिरवणं. वाळूत गाडी घालून लाटांशी फोटो काढायची हौस असेल, तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने चाकांच्या कमानी आणि तळ नीट धुवावा. आणि पावसाळा संपला की गाडी रॅम्पवर चढवून निचऱ्याची भोकं बारीक काडीने मोकळी करून घ्यावीत.