परिच्छेदाला नाव हवं

चारशे पानांचं एक पुस्तक वर्डमध्ये टाइप होऊन तयार आहे. प्रकरणांची शीर्षकं १६ पॉइंटांत ठळक, उपशीर्षकं १४ मध्ये, उतारे तिरपे आणि दोन्ही बाजूंनी आत घेतलेले. पडद्यावर सगळं नेटकं दिसतं. मग प्रकाशकाचा निरोप येतो: शीर्षकं १८ पॉइंटांत हवीत, मधोमध नकोत, डावीकडे घ्या, आणि अनुक्रमणिका उद्या द्या. आता ती फाइल मुळात कशी घडली होती, हे कळतं. एका प्रकारच्या फाइलीत हे काम मिनिटा-दोन मिनिटांचं असतं. दुसऱ्या प्रकारच्या फाइलीत कुणीतरी रात्र जागून एकेक शीर्षक शोधतं, निवडतं, बदलतं, आणि तरीही दोन-चार शीर्षकं जुन्याच आकारात छापून येतात.

या दोन फाइलींत फरक असतो तो स्टाइलचा. वर्डच्या वरच्या पट्टीत ‘नॉर्मल’, ‘हेडिंग १’, ‘हेडिंग २’ अशी चौकटींची जी रांग दिसते, तिच्यावरून बहुतेकांची नजर रोज घसरून जाते. लांब मजकूर सांभाळायला संगणकाने दिलेलं याहून मोठं साधन माझ्या मते दुसरं नाही. स्टाइल मजकुराला रंगरूप देते ते नंतर. आधी ती परिच्छेदाला नाव देते. हे प्रकरणाचं शीर्षक, हा उतारा, ही तळटीप. त्या नावाचं रूप कसं असावं, हे एकाच ठिकाणी लिहून ठेवलेलं असतं.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल, तर कुठल्याही डॉकएक्स फाइलीची एक प्रत घ्या, तिचं एक्स्टेन्शन बदलून झिप करा आणि उघडा. आत अनेक लहान फाइली सापडतात. त्यांतल्या ‘डॉक्युमेंट’ नावाच्या फाइलीत मजकूर असतो आणि ‘स्टाइल्स’ नावाच्या फाइलीत रूपांचे नियम. स्टाइल वापरलेल्या शीर्षकापाशी मजकुराच्या फाइलीत फक्त स्टाइलचं नाव असतं. आकार, ठळकपणा, वरखालची जागा यांतलं काहीही तिथे नसतं. हाताने सजवलेल्या शीर्षकापाशी मात्र यातली प्रत्येक गोष्ट वेगळी नोंदवलेली असते, आणि दर शीर्षकापाशी पुन्हा. अशा फाइलीत नियम नसतोच, असतात ते हजारो सुटे हुकूम. एक बदलला तर बाकीच्यांना त्याचा पत्ता नसतो.

ही कल्पना संगणकाआधीपासूनची आहे. छापखान्यात संहिता जुळाऱ्याकडे जाण्यापूर्वी संपादक तिच्या समासात खुणा करायचा, आणि त्या खुणा वाचून जुळारी खिळे निवडायचा. अमेरिकेतल्या मुद्रणव्यवसायातले विल्यम टनिक्लिफ यांनी १९६७ मध्ये मांडलं, की या खुणांत टाइपाचा आकार लिहिण्याऐवजी तो मजकूर कशाचा आहे हे लिहावं. आशय आणि रूप वेगळे ठेवावेत. १९६९ मध्ये आयबीएममध्ये चार्ल्स गोल्डफार्ब, एडवर्ड मोशर आणि रेमंड लॉरी यांनी याच विचाराची भाषा घडवली. तिच्या नावाची आद्याक्षरं, जीएमएल, त्या तिघांच्या आडनावांचीही आद्याक्षरं आहेत. तिच्यातून पुढे एसजीएमएल निघाली आणि १९८६ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक झाली. आज वेबपानावर शीर्षकांना एच १, एच २ अशी नावं असतात आणि त्यांचं रूप वेगळ्या स्टाइल शीटमध्ये असतं, तेही याच घराण्यातलं.

वर्ड प्रोसेसरची वाट थोडी वेगळी होती. झेरॉक्सच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात १९७४ मध्ये बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी ‘ब्राव्हो’ हा प्रोग्रॅम केला. पडद्यावर जसं दिसतं तसंच कागदावर उतरावं, हे त्यात साधलं होतं. सिमोनी १९८१ मध्ये मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि १९८३ मध्ये वर्ड बाजारात आलं. दिसतं तसं छापणं ही फार मोठी सोय होती, पण तिच्यामुळेच एक खोड लागली असं मला वाटतं. शीर्षकासारखं दिसलं की ते शीर्षक झालं, असा डोळ्यांचा समज झाला. यंत्राला डोळे नाहीत. १६ पॉइंटांची ठळक ओळ त्याच्या लेखी फक्त १६ पॉइंटांची ठळक ओळ असते. अनुक्रमणिका करताना ती ओळ वगळली जाते, त्यात यंत्राची चूक नसते.

नाव एकदा दिलं की किती कामं आपोआप होतात, हे पाहण्यासारखं आहे. अनुक्रमणिका पानांच्या क्रमांकांसह तयार होते. बाजूच्या नेव्हिगेशनच्या खिडकीत सगळी शीर्षकं दिसतात आणि तिथे एखादं प्रकरण ओढून वर नेलं, तर त्याचा सगळा मजकूर सोबत जातो. ‘कीप विथ नेक्स्ट’ हा गुण शीर्षकाच्या स्टाइलमध्ये असल्याने शीर्षक पानाच्या तळाशी एकटं राहत नाही. शीर्षकाखाली एंटर दाबलं की पुढचा परिच्छेद आपसूक मुख्य मजकुराच्या स्टाइलचा होतो. वर्डमध्ये ‘स्टाइलरेफ’ नावाचं एक फील्ड आहे. ते पानाच्या माथ्यावर ठेवलं की त्या पानावरच्या प्रकरणाचं शीर्षक तिथे उमटतं. कोशाच्या नोंदींच्या मथळ्यांना एक स्टाइल द्या, आणि हेच फील्ड दर पानाच्या माथ्यावर पहिला आणि शेवटचा शब्द छापेल. कोशकाराला पूर्वी शेवटच्या प्रुफापर्यंत थांबून हे शब्द हाताने भरावे लागत.

यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वारशाची. एक स्टाइल दुसरीवर बेतलेली असते. उतारा, तळटीप, संदर्भसूची या सगळ्या मुख्य मजकुरावर बेतलेल्या असल्या, तर मुळातला फॉन्ट बदलताच त्या सगळ्या बदलतात, आणि त्यांचं जे वेगळेपण आपण ठरवलेलं असतं ते तसंच राहतं. एकत्र कुटुंबात थोरल्याने गाव बदललं की सगळे निघतात, पण प्रत्येकाची ट्रंक ज्याची त्याची असते, तसं. लिबरऑफिस रायटर याच्याही पुढे जातं. त्यात पानालाही स्टाइल असते: प्रकरणाचं पहिलं पान, डावं पान, उजवं पान. पुस्तक करणाऱ्याला ते जास्त सोयीचं पडतं.

मराठी लिहिणाऱ्याने इथे एक गोष्ट जाणून घ्यायला हवी, कारण तिच्यापायी अनेकजण स्टाइल वापरणंच सोडून देतात. वर्ड देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ मानतं. प्रत्येक स्टाइलमध्ये रोमन अक्षरांसाठी एक फॉन्ट आणि एक आकार असतो, आणि देवनागरीसाठी त्याहून स्वतंत्र असा दुसरा फॉन्ट आणि दुसरा आकार. स्टाइलमध्ये फक्त वरवरचा फॉन्ट बदलला, तर इंग्रजी शब्द बदलतात आणि मराठी मजकूर जागचा हलत नाही. मग स्टाइल चालत नाही असं म्हणून लोक पुन्हा हाताने सजवायला लागतात. उपाय सोपा आहे. मूळ स्टाइलच्या फॉन्टच्या खिडकीत कॉम्प्लेक्स स्क्रिप्टच्या चौकटीत मंगल, मुक्ता किंवा आवडीचा युनिकोड फॉन्ट आणि त्याचा आकार एकदाच भरा. लिबरऑफिसमध्येही देवनागरीचा फॉन्ट असाच वेगळा भरायचा असतो. या दुहेरी व्यवस्थेचा फायदाही आहे: देवनागरी १३ आणि रोमन ११ पॉइंटांत ठेवून मिश्र ओळीतली अक्षरं डोळ्यांना एकसारखी करता येतात. ओळींमधलं अंतर मात्र ‘एक्झॅक्टली’ ठेवून फार कमी करू नका. रफार आणि वेलांट्यांचे माथे कापले जातात. ‘अ‍ॅट लीस्ट’ बरं.

आधीच हाताने सजवलेल्या फाइलीही सुधारता येतात. वर्डच्या ‘फाइंड अँड रिप्लेस’मध्ये शब्द रिकामा ठेवून फक्त रूप शोधता येतं: १६ पॉइंट आणि ठळक. बदली म्हणून ‘हेडिंग १’ स्टाइल दिली की ती सगळी शीर्षकं एका फटक्यात नावाची होतात. नुसता ठळकपणा शोधू नये. परिच्छेदाच्या मध्ये एखादा शब्द ठळक असला, तर तो सगळा परिच्छेद शीर्षक होऊन बसतो. लिबरऑफिसमध्ये रेग्युलर एक्स्प्रेशनने ‘प्रकरण’ या शब्दाने सुरू होणारे सगळे परिच्छेद एकदम निवडून त्यांना स्टाइल देता येते. अशा फाइली वरचेवर येत असतील, तर हीच पावलं मॅक्रोत बांधावीत. एक सावधगिरी हवी: हाताने दिलेलं जुनं रूप फक्त त्या परिच्छेदांपुरतं पुसा. सगळ्या फाइलीवरून पुसलं, तर लेखकाने मुद्दाम तिरपे केलेले ग्रंथनामांचे शब्दही सरळ होतील.

आपल्याकडे आणखी एक काम पडून आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत टाइप झालेली असंख्य मराठी पुस्तकं युनिकोडमध्ये आणायची आहेत. त्या फाइलींत मराठी अक्षरंही मूळ रोमन संकेतांतच साठवलेली असतात, त्यामुळे मध्ये आलेला इंग्रजी शब्द आणि मराठी शब्द यांत परिवर्तकाला फरक कळत नाही आणि इंग्रजीचा चुथडा होतो. ज्या फाइलींत इंग्रजीला वेगळी कॅरॅक्टर स्टाइल दिलेली असते, तिथे तेवढे शब्द बाजूला ठेवून बाकीचं बदलता येतं.

आणि अंध वाचक. स्क्रीन रीडर वापरणारा वाचक एच ही कळ दाबत शीर्षकावरून शीर्षकावर जातो. खरं शीर्षक नसेल, तर त्याला चारशे पानं सलग ऐकावी लागतात. मला हे कारण बाकी सगळ्यांपेक्षा मोठं वाटतं.

विद्यापीठं प्रबंधाच्या नियमावलीत फॉन्ट, समास आणि ओळींमधलं अंतर सांगतात. त्यांनी सोबत या सगळ्याची तयार टेम्प्लेट द्यावी. प्रकाशकांनीही ती लेखकांना पाठवावी. पाच-सहा स्टाइल पुरतात: प्रकरण, उपशीर्षक, मुख्य मजकूर, उतारा, तळटीप, संदर्भ. आणि तुम्ही स्वतः काही मोठं लिहायला घेत असाल, तर पहिलं वाक्य टाइप करण्याआधी या सहा स्टाइल ठरवून घ्या.