प्रश्न आपल्या घरातला, उत्तरही आपल्याच गावातलं

परदेशी मदत म्हटलं, की आपल्या आई-आजीला आठवते ती शाळेत वाटलेली दुधाची भुकटी, नाहीतर रेशनवरची मिलो ज्वारी. आली, शिजली, संपली. पण मदत आणखी एका तऱ्हेनं करता येते. शेजारणीनं वाटीभर दही दिलं तर ते एका जेवणात संपतं. तिनं चमचाभर विरजण दिलं आणि दही कसं लावायचं तेही दाखवलं, तर पुढे आपलं आपण रोज लावू शकतो. आरोग्याच्या संशोधनालाही असं विरजण लागतं. ते कसं लागतं हे पाहायला लांब जायला नको. आपल्या पिंपरी-भोसरी-चाकणच्या पट्ट्यातच त्याची चांगली उदाहरणं आहेत.

पिंपरीचं पेनिसिलिन

पिंपरीची हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी १९५४ साली स्थापन झाली. तोवर पेनिसिलिनसाठी आपल्याला परदेशाकडे पाहावं लागे. युनिसेफनं यंत्रसामग्री दिली. जागतिक आरोग्य संघटनेनं तज्ज्ञ पुरवले आणि आपल्या माणसांच्या शिक्षणाला हातभार लावला. १९५५ मध्ये पिंपरीत पेनिसिलिन तयार होऊ लागलं.

एवढ्यावर थांबलं असतं तर ते फक्त कारखान्याचं काम झालं असतं. पण शिकलेल्या मंडळींनी स्वतःचं संशोधन सुरू केलं. तिथल्याच प्रयोगशाळेत डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हामायसिन हे बुरशीजन्य रोगांवरचं औषध शोधून काढलं. ते ज्या सूक्ष्म जीवापासून मिळतं, त्याचं शास्त्रीय नाव आहे ‘स्ट्रेप्टोमायसेस पिंप्रिना’. आपल्या पिंपरीचं नाव असं जगाच्या शास्त्रात गेलं!

भोसरीत विचारला गेलेला प्रश्न

पुढची गोष्ट मात्र थेट आपल्याबद्दलची, लग्न झालेल्या बायकांबद्दलची आहे. विषय नाजूक आहे म्हणून पान उलटू नका.

१९९२ साली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनं भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू केली. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या आणि तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेच्या संशोधकांशी तिचं सहकार्य जुळलं. त्या काळात सगळ्यांची समजूत एकच होती: एड्स हा ‘तसल्या’ वस्तीतला रोग, घरंदाज बाईला त्याचं काय?

मे १९९३ ते जुलै १९९६ या काळात पुण्यातल्या गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या ९१६ स्त्रियांची तपासणी झाली. त्यांतल्या ३९१ जणी वेश्याव्यवसायातल्या नव्हत्या. अंगावरून जाणं, जखमा अशा तक्रारी घेऊन आलेल्या साध्या घरांतल्या बायका. त्यांच्यापैकी १३.६ टक्के स्त्रियांच्या रक्तात एचआयव्हीचा विषाणू निघाला. म्हणजे जवळजवळ सात जणींत एक! आणि बहुतेकींचा संबंध नवऱ्याशिवाय दुसऱ्या कुणाशीही आलेला नव्हता.

या बायका तक्रार घेऊन दवाखान्यात आलेल्या होत्या, त्यामुळे हा आकडा घरोघरच्या सगळ्या बायकांना लावायचा नाही. पण स्वतःचं वागणं चांगलं म्हणजे आपण सुरक्षित, ही समजूत त्यानं खोटी ठरवली. हा अभ्यास १९९७ साली अमेरिकेच्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. पहिलं नाव होतं डॉ. रमण गंगाखेडकर यांचं. होय, तेच, २०२० साली कोरोनाच्या दिवसांत टीव्हीवर शांतपणे माहिती द्यायचे ते! सोबत अमेरिकन संशोधकांचीही नावं होती.

आता विचार करा. बाल्टिमोरहून आलेला शास्त्रज्ञ कितीही हुशार असला, तरी “ताई, तुमचे मालक कामासाठी बाहेरगावी राहतात का?” हे इथल्या बाईला मराठीतून, तिला अवघडल्यासारखं न होऊ देता कोण विचारणार? त्याला इथलाच डॉक्टर हवा, इथलीच परिचारिका हवी. आणि रक्त तपासायची पक्की पद्धत, आकड्यांचा काटेकोर हिशेब यासाठी बाहेरच्यांचा अनुभव हवा. दोन्ही जुळलं तेव्हा कुठे उत्तर मिळालं.

गोळी एकाला, संरक्षण दोघांना

पुढे याच संस्थेनं नऊ देशांत चाललेल्या एका मोठ्या अभ्यासात भाग घेतला. त्यात १,७६३ जोडपी होती. दोघांपैकी एकाला एचआयव्हीची लागण होती, दुसऱ्याला नव्हती. काही जणांना औषध लगेच सुरू केलं, काहींना त्या वेळच्या पद्धतीप्रमाणे शरीराची प्रतिकारशक्ती बरीच कमी झाल्यावर. २०११ मध्ये निष्कर्ष आला: औषध लवकर सुरू केलं, तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी कमी होते. त्या निबंधाच्या लेखकांत पुण्याच्या डॉ. शीला गोडबोले आणि डॉ. संजय मेहेंदळे यांची नावं आहेत.

याचा घरात काय उपयोग? पूर्वी लागण कळली तरी औषधासाठी थांबावं लागे. २०१७ पासून आपल्या सरकारी कार्यक्रमात चाचणीत विषाणू आढळला, की लगेच मोफत उपचार सुरू होतात. गरोदर बाईनं वेळेवर चाचणी करून घेऊन औषध घेतलं, तर बाळाला होणारी लागण बहुतांशी टळते.

वढूची बाळं

तिसरं उदाहरण चाकणहून शिक्रापूरकडे जावं, त्या भागातलं. वढू बुद्रुकला पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं काम डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकारानं उभं राहिलं. तिथल्या केंद्रानं २००२ पासून २२ गावांतले जन्म, मृत्यू, स्थलांतर यांची घरोघर जाऊन नोंद ठेवली. भारतीय विषाणूपासून बनवलेल्या रोटाव्हायरस जुलाबावरच्या लशीची चाचणी झाली, त्यात दिल्ली आणि वेल्लोरबरोबर पुण्याकडचीही बाळं होती. एकूण ६,७९९ बाळं. परदेशी संस्थांनी पैसा आणि तंत्र दिलं, मूळ विषाणू दिल्लीच्या नवजात बाळांत सापडलेला होता. पहिल्या वर्षातले रोटाचे तीव्र जुलाब या लशीनं निम्म्याहून अधिक कमी केले. २०१६ पासून रोटाची लस देशाच्या मोफत लसीकरणात टप्प्याटप्प्यानं आली. आज दवाखान्यात बाळाच्या तोंडात ते थेंब पडतात, त्यामागे कुणाकुणाच्या आयांनी दिलेला होकार आहे.

तुमच्या दारी कुणी आलं तर

उद्या तुम्हालाही एखाद्या अभ्यासात भाग घेता का, असं कुणी विचारेल. घाबरून दार लावू नका आणि भिडेपोटी सहीही करू नका. एवढं विचारा:

१. अभ्यास कोणती संस्था करते आहे? तिच्या नीतिसमितीनं मंजुरी दिली आहे का?

२. माहितीपत्रक मराठीत आहे का? ते घरी नेऊन वाचायला वेळ मिळेल का?

३. औषधाची किंवा लशीची चाचणी असेल तर त्रास झाल्यास उपचार कोण करणार? चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई हा कायद्यानं दिलेला हक्क आहे.

४. मध्येच सोडता येईल का? याचं उत्तर ‘हो’च असलं पाहिजे, आणि सोडलं म्हणून नेहमीचे उपचार थांबता कामा नयेत.

५. माझं नाव गुप्त राहील ना?

६. अभ्यास संपल्यावर त्यातून काय निघालं ते आम्हाला कोण सांगणार?

शेवटचा प्रश्न विसरू नका. आपल्या रक्ताचे नमुने आणि आपले आकडे गेले आणि इथे काहीच राहिलं नाही, तर ती भागीदारी कसली? इथले डॉक्टर, प्रयोगशाळा आणि शिकलेली माणसं मागे राहिली, तरच विरजण लागलं म्हणायचं.

आणि एक सांगणं. गरोदरपणात, किंवा मनात कसलीही शंका असेल तेव्हा, एचआयव्हीची चाचणी करून घ्या, शक्यतो दोघांनीही. सरकारी रुग्णालयांतल्या समुपदेशन केंद्रांत ती मोफत होते आणि निकाल गुप्त राहतो. १०९७ या क्रमांकावर फुकट फोन करून विचारता येतं. संकोच वाटेल, पण त्या ३९१ जणींनी तो बाजूला ठेवला, म्हणून आज आपल्याला एवढं माहीत आहे.