उथळ पाण्याचे यंत्र (लेखांक 6) : सेल्फपर्यंतची वाट

गेल्या आठवड्यात आपण इम्पेलर, म्हणजे पाणी फेकणारा आतला पंखा, आणि त्याच्याभोवतीच्या कड्याची झीज पाहिली. ते काम निदान डोळ्यांसमोरचे होते. आजचे काम दिसतच नाही, नुसते बोटांना लागते.

जेट बोटीच्या इंजिनाचा सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, इतक्या अडचणीच्या जागी का बसवलेला असतो, असे मला अनेकांनी विचारले आहे. विचारणाऱ्याच्या आवाजात राग असतो आणि तो मला समजतो. पण याचे कारण नदीत आहे. बिल हॅमिल्टन यांनी 1954 च्या सुमारास न्यूझीलंडमध्ये ही बोट घडवली ती दक्षिण बेटावरच्या वायमाकारिरी, रकाया अशा नद्यांसाठी. त्या नद्यांचे पात्र विस्कटलेल्या वेणीसारखे. गोट्यांमधून दहा धारा वाहतात आणि कित्येक ठिकाणी पाणी घोट्याएवढेच. बोटीखाली पंखा लोंबत असेल तर तो पहिल्याच वळणावर तुटेल. म्हणून पाणी तळातल्या जाळीतून आत ओढायचे आणि मागे जोराने फेकायचे; हे करणारा पंप म्हणजेच जेट. 1977 मध्ये एडमंड हिलरी गंगासागराहून गंगेच्या प्रवाहाविरुद्ध वर निघाले तेही जेट बोटींतूनच, आणि नंदप्रयागजवळच्या धबधब्याने अडवेपर्यंत ते चढत राहिले.

जाळी तळाला, म्हणून जेटचा दांडा खाली. दांडा खाली, म्हणून इंजिनही खाली. इंजिनाचे फ्लायव्हील मागे, जेटच्या बाजूला. सेल्फचे दात फ्लायव्हीलच्या दातांत अडकायला हवेत, त्यामुळे त्याची जागाही मागेच. शेव्हरोले व्ही-एट इंजिनात तो ब्लॉकच्या उजव्या अंगाला, अगदी बुडाशी असतो. वर एक्झॉस्टचा ओतीव लोखंडी मॅनिफोल्ड, बाजूला बोटीच्या सांगाड्याची आडवी-उभी पट्टी, खाली चार बोटांची फट आणि त्या फटीत साचलेले पाणी.

गेल्या डिसेंबरात, म्हणजे इथे न्यूझीलंडच्या भर उन्हाळ्यात, क्राइस्टचर्चच्या आमच्या वर्कशॉपमध्ये अशीच एक ॲल्युमिनियमची बोट आली. किल्ली फिरवली की फक्त ‘टक्’. इंजिन जागचे हलत नव्हते. मालकाने नवा सेल्फ बरोबरच आणला होता. सकाळचे आठ वाजले होते आणि दुपारी त्याला नदीवर जायचे होते.

‘टक्’ ऐकून सेल्फ काढायला धावणे ही माझी जुनी सवय. ती मोडायला मला बरीच वर्षे लागली. आता मी आधी हात पोचतो तिथे काय कळते ते पाहतो. बॅटरीच्या टोकांवर मीटर लावून किल्ली फिरवायला सांगितली. व्होल्टेज फारसे घसरले नाही. केबलची टोके साफ होती. म्हणजे दोष बॅटरीत किंवा केबलच्या टोकांत दिसत नव्हता आणि त्यापुढे दोन शक्यता उरत होत्या. सेल्फ मेला असेल, किंवा इंजिनच फिरायला तयार नसेल. दुसरी शक्यता तपासायला पाच मिनिटे लागतात. क्रँकशाफ्टच्या पुढच्या बोल्टवर लांब पाना चढवला आणि ओढला. इंजिन थोडे फिरून अडले. लोखंडावर लोखंड आदळल्यासारखे नव्हे, भरलेल्या पिशवीवर दाब दिल्यासारखे.

“शेवटची कधी चालवली होती?” मी विचारले.

“रविवारी. घरी आणून नळाने धुतली, इंजिनातूनही पाणी सोडले.”

“इंजिन बंद केल्यावर नळ किती वेळ चालू होता?”

तो गप्प झाला.

इथे थोडे थांबून समजून घेऊ, कारण दर उन्हाळ्यात या एका गोष्टीपायी इंजिने जातात. अशा अनेक बोटींत थंड ठेवणाऱ्या पाण्यासाठी वेगळा पंप नसतो, जेटच्याच दाबाने पाणी इंजिनात जाते. इंजिन थांबले की जेट थांबतो आणि पाणीही. पण नळाला इंजिन थांबल्याचे काय कळणार? तो पाणी ढकलतच राहतो. चालू इंजिनात ते पाणी धुराच्या जोराने एक्झॉस्टमधून बाहेर उडते. बंद इंजिनात धूरच नसतो. मग पाणी एक्झॉस्टमध्ये चढते आणि जो व्हॉल्व्ह उघडा राहिला असेल त्यातून सिलिंडरमध्ये उतरते. हवा दबते, पाणी दबत नाही. पिस्टन वर येऊन त्याला भिडतो आणि तिथेच थांबतो. अशा वेळी नवा दमदार सेल्फ बसवून किल्ली फिरवली असती तर कनेक्टिंग रॉड वाकला असता.

आठही प्लग काढले. इग्निशन तोडून ठेवले आणि इंजिन हाताने फिरवले. मागच्या दोन सिलिंडरांतून पाण्याच्या चुळा उडाल्या. डिपस्टिकवरचे तेल दुधाळ झाले नव्हते, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. सिलिंडरांत थोडे थोडे तेल सोडले. पण मालकाने रविवारपासून इतक्यांदा किल्ली दाबली होती की सेल्फही जळला होता. त्याचा वास येत होता. म्हणजे खाली उतरणे चुकले नाही.

बॅटरीची ऋण तार सोडवली. मग मी चूक केली. मॅनिफोल्ड न काढता, जोडदांडा आणि वाकणारा सांधा लावून सॉकेट बोल्टवर बसवायचा प्रयत्न केला. त्यात दीड तास गेला. सॉकेट तिरका बसत होता आणि अजून दोन हिसके दिले असते तर बोल्टचे डोके गोल झाले असते. शेवटी मॅनिफोल्ड काढला, चाळीस मिनिटांत. तो हातात आल्यामुळे त्याच्या पाण्याच्या पोकळीला तडा नाही हेही नीट तपासता आले, नाहीतर पाणी तिथूनही शिरले असेल अशी शंका राहिली असती. आड येणारी वस्तू काढणे हा लांबचा रस्ता वाटतो. माझ्या अनुभवात तोच जवळचा निघाला आहे.

जुन्या धाटणीचा सेल्फ चांगलाच जड असतो. दोन्ही बोल्ट सुटले की तो मनगटावर पडतो. म्हणून आधी वरून कापडी पट्ट्याचा झोळणा बांधला, त्यात त्याला उतरवले आणि मगच तारा सोडवल्या, फोटो काढून आणि चिकटपट्टीने खुणा करून. हातातला प्रत्येक पाना दोरीने बांधलेला होता, कारण त्या फटीत पडलेली वस्तू परत मिळतेच असे नाही.

मालकाने आणलेला सेल्फ मी परत करून बोटीचा आणायला लावला. तो मोटारीचा होता. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती बोटीच्या तळाशी साचते आणि सेल्फही तिथेच असतो. बोटीच्या सेल्फची ठिणगी बाहेर पडणार नाही अशी त्याची बांधणी असते. या बाबतीत पैसे वाचवू नका, हे मी हात जोडून सांगतो.

बोल्टही तेच हवेत, दांडीवर बारीक खाचा असलेले. त्या खाचांमुळे सेल्फ नेमक्या जागी बसतो. साधा बोल्ट त्याला किंचित डुगडुगू देतो आणि दात किरकिरतात. नवा बोल्ट सॉकेटात ग्रीसच्या गोळीने चिकटवला आणि पहिले आटे फक्त बोटांनी फिरवले, डोळे मिटून. मिटल्या डोळ्यांनी आटे बरोबर धरले की नाही हे जास्त चांगले कळते.

सायंकाळ झाली, नदी राहून गेली. तळातली वाफ काढणारा ब्लोअर चार मिनिटे चालवला. इंजिन सुरू झाल्यावरच मी नळ सोडला. दहा मिनिटांनी मालकाचा हात किल्लीकडे गेला, मध्येच थांबला आणि त्याने माझ्याकडे पाहिले. मी नळ बंद केला. मग त्याने किल्ली फिरवली.

(पुढील आठवड्यात : इंजिन आणि जेट यांना जोडणारा दांडा)