ब्लॅककरंट म्हणजे काय रे भाऊ?

ज्यांना इअरफोन लावून ऐकायचा कंटाळा येतो, त्यांच्यासाठी आजच्या भागाचं हे लिखित रूप.

सध्या मी घरून काम करतोय, म्हणजे कौंडण्यपूरहून. रुक्मिणीचं माहेर, वर्धा नदीचा काठ. नदी ओलांडली की वर्धा जिल्हा, आणि तिथे दारूबंदी. अशा जागी बसून वाइनवर भाग रेकॉर्ड करतोय म्हटल्यावर आई म्हणाली, "द्राक्षाची असो का मोहाची, दारू थे दारूच." मुद्दा बरोबर आहे. रेड वाइनमध्ये साधारण 12 ते 14 टक्के अल्कोहोल असतं, सरबत नाही ते. म्हणून आज पिण्याबद्दल नाही, चवीबद्दल बोलू.

झालं असं, ऑफिसच्या टीमसोबत नाशिककडे एका वायनरीत गेलो होतो. चाखायला रेड दिली आणि विचारलं, "काय जाणवतंय?" एक म्हणाला ब्लॅककरंट. दुसरी म्हणाली प्लम. माझी पाळी आली. ब्लॅककरंट मी फक्त आइस्क्रीमच्या कपात पाहिलेलं. तरी मान हलवून म्हणालो, "हो, ब्लॅककरंटच." सरळ थाप मारली! खरं म्हणजे मला जांभूळ आठवलं होतं. थोडं कच्चं, जीभ धरून ठेवणारं.

घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की जांभूळ काही चुकीचं नव्हतं. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस जवळपास बिनरंगी असतो. रेड वाइन करताना तो साल आणि बियांसकट आंबवतात. सालीतून रंग येतो, साल आणि बियांतून टॅनिन. हे टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, लाळेचा गुळगुळीतपणा जातो आणि तोंड कोरडं, खडबडीत वाटतं. जांभूळ, कच्चं केळं, सुपारी, कडक काळा चहा, सगळीकडे हाच प्रकार. आपल्याकडे त्याला नेमका शब्द आहे: तुरट. सहा रसांत त्याला स्वतंत्र जागा आहे. मग मी का लाजलो?

शिराझची गंमत तर अजून भारी. तिला काळ्या मिरीचा वास येतो म्हणतात, मला वाटायचं उगाच भाव खातात. पण रोटुंडोन नावाचं एक संयुग मिरीतही असतं आणि शिराझच्या सालीतही. काही लोकांच्या नाकाला ते पकडताच येत नाही. म्हणजे शेजाऱ्याला मिरी आली आणि तुम्हाला नाही आली, तर दोघंही खरं बोलत असू शकता.

आता स्पार्कलिंग. चांगली स्पार्कलिंग दोनदा आंबते, आणि पारंपरिक पद्धतीत दुसऱ्यांदा थेट बाटलीत. यीस्ट साखर खातं, कार्बन डायऑक्साइड सोडतं, तो बाटलीत अडकतो. दाब किती? साधारण 5 ते 6 वातावरणाइतका, कारच्या टायरमधल्या हवेच्या दुपटीहून जास्त. म्हणून बूच तारेने बांधतात, आणि म्हणून ते कुणाच्या तोंडाकडे धरून उघडायचं नाही. मेलेलं यीस्ट महिनोन्‌महिने बाटलीत राहतं, त्यातून भाजलेल्या पावाचा वास येतो. ज्याला ते लोक ब्रिओश म्हणतात, तो मला बेकरीसमोरून सकाळी जाताना येणारा वास वाटला. आंबटपणा मात्र आपल्या वरूड-मोर्शीकडच्या अर्धकच्च्या संत्र्यासारखा. तो मुद्दाम राखलेला असतो: स्पार्कलिंगची द्राक्षं जरा लवकर तोडतात, साखर वाढून आंबटपणा उतरायच्या आधी.

आणि हो, "रेड वाइन रूम टेम्परेचरला द्या" हे वाक्य वऱ्हाडात चालत नाही. ते युरोपातल्या थंड खोल्यांसाठी होतं, 16 ते 18 अंशांच्या. मे महिन्यात आपल्या खोलीत 40 अंश असतात! तितक्या गरम रेडमधून फक्त अल्कोहोल नाकात घुसतं, फळ हरवतं. अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवली की सुधारते. स्पार्कलिंगला आणखी थंड हवं, 6 ते 8 अंश.

हे सगळं आपल्या राज्यात नवीन नाही. नारायणगावच्या इंडाजची 'ओमर खय्याम' ही स्पार्कलिंग 1980च्या दशकातली. नाशिकला सुला काढणारे राजीव सामंत आधी कॅलिफोर्नियात ओरॅकलमध्ये होते, म्हणजे आमच्याच धंद्यातले. त्यांची पहिली वाइन 2000 साली आली. द्राक्षाच्या शेतकऱ्याला तर खरड छाटणी आणि गोडी छाटणी हे शब्द तोंडपाठ असतात. शब्द कमी पडतात ते फक्त ग्लास हातात घेतल्यावर.

चाखायला गेलात तर एक करा. आधी वास घ्या, मग छोटा घोट तोंडात फिरवा, आणि थुंकायला भांडं ठेवलेलं असतं ते वापरा, त्यात कमीपणा नाही. मग मोबाइलमध्ये पहिला आठवलेला शब्द लिहा. कवठ आठवलं तर कवठ.

हे सगळं मी आईला ऐकवलं. जांभळापर्यंत आल्यावर ती म्हणाली, "मंग जांभूळच खायचं नं, त्याले नाशिकले कायले जा लागते?"