बिजागरीची पिन का अडकते? (आणि हातोड्याआधी काय करायचं)

आपल्या संभाजीनगरात एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये जुनी प्रीमियर पद्मिनी अजूनही उभी दिसते. कुर्ल्याच्या कारखान्यातलं तिचं उत्पादन थांबून वीसहून जास्त वर्षं झाली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३मध्ये बाद झाली. अशा गाडीचं दार लटकलं की बिजागरीची झिजलेली पिन बदलायची असते, पण ती हलतच नाही. लगेच हातोडा उचलू नका. बिजागरीच तुटली तर दुसरी कुठून आणणार?

आधी पिन का अडकते ते बघू. गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून जास्त जागा घेतो. उघड्या पत्र्यावर त्याचे पापुद्रे सुटतात. पिन आणि भोकामधल्या फटीत मात्र फुगायला जागा नसते, म्हणून तो पाचरीसारखा घट्ट बसतो. मग आपल्या कोरड्या हवेत एवढा गंज कुठून? पावसाचं पाणी त्या फटीत ओढलं जातं, जसं वात तेल ओढते तसं. याला केशाकर्षण म्हणतात. बाहेर सगळं वाळलं तरी आत ओल टिकते.

जोरात ठोकलं तर पिनेचं टोक पसरतं. आता ते भोकातून जाणारच कसं?

म्हणून ज्या वाटेनं पाणी गेलं, त्याच वाटेनं तेल पाठवा. गंज सोडवणारं पातळ तेल लावा, रात्रभर थांबा, परत लावा. तरीही नाही हलली, तर तेल नीट पुसून, आतलं अस्तर काढून, बिजागरीचा बाहेरचा भाग तापवा, पिन नाही. ८ मिमीचं भोक २०० अंशांनी तापलं तर जेमतेम ०.०२ मिमी वाढतं, केसाच्या जाडीपेक्षाही कमी. पण गंजाला तडे जायला तेवढं पुरू शकतं. पूर्ण गार झाल्यावर परत तेल.

ठोकण्याआधी दाराखाली जॅक आणि लाकडी फळी लावा, नाहीतर दाराचं सगळं वजन दुसऱ्या बिजागरीवर येईल. पिनेपेक्षा किंचित बारीक पंच घ्या, मागून जड लोखंडाचा टेका द्या आणि सरळ, मोजके घाव घाला.

नवी पिन घालताना भरपूर ग्रीस लावा. फट ग्रीसनं भरलेली असली की पाण्याला आत शिरायला जागाच उरत नाही.