घोडेस्वार पाद्रीबाबांचं घराणं

मुलांनो, दोनशे वर्षांपूर्वीचं घराणं कसं शोधतात, ठाऊक आहे? अमेरिकेतले पीटर कार्टराइट (१७८५-१८७२) पाहा. रानातल्या नव्या वस्त्यांमध्ये घोड्यावरून हिंडत ते धर्मोपदेश करत. तिथल्या जनगणनेत १८५०पूर्वी फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहीत. मग मुलंबाळं शोधायची कुठं?

एक, त्यांचं आत्मचरित्र. १८२४मध्ये इलिनॉयला जाताना झाड कोसळून लेक दगावल्याचं त्यात आहे. दुसरं, कोर्टाचे कागद. १८४६च्या निवडणुकीत कार्टराइटना अब्राहम लिंकननी हरवलं होतं. १८५९मध्ये नातवावर खुनाचा खटला झाला, तेव्हा नातवाचे वकील तेच लिंकन! आजोबांनी साक्ष दिली, नातू निर्दोष सुटला.

कागद जपले म्हणून हे कळलं. तुमच्या पणजीचं नाव काय? आजच आजीला विचारा, वहीत लिहून ठेवा!